सात महिने झाले, फाईल कपाटातच आहे

सात महिने! सर्जनच्या बाजूला ऑपरेशनला उभं राहायची परवानगी मिळावी म्हणून मी सात महिने एका हॉस्पिटलच्या ऑफिसात खेटे घालतोय. डोकं फिरायची वेळ आली आहे.

मी फिजिशियन असिस्टंट, म्हणजे डॉक्टरच्या हाताखाली, त्याच्या देखरेखीत काम करायला शिकलेला माणूस. इंटर्नशिप धरून चार वर्षांची डिग्री, पुढे चेन्नईत तीन वर्षं सर्जरीतच नोकरी. आईबाबा थकले म्हणून ब्रह्मपुरीकडे परत आलो. आपल्या भागात सर्जन मोजकेच, त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसं त्याहून कमी. वाटलं, काम लगेच मिळेल.

पहिली मागणी काय, तर 'डिग्री खरी असल्याचं युनिव्हर्सिटीचं पत्र आणून द्या.' अहो, हे पत्र हॉस्पिटलनं स्वतः युनिव्हर्सिटीला लिहून मागवायचं असतं! उमेदवारानं पिशवीतून आणलेल्या पत्राला पडताळणी कोण म्हणेल? क्रेडेन्शियलिंग म्हणजे कागद जिथून निघाला तिथेच विचारून खात्री करणं. पण नाही. मी बल्लारपूरला जाऊन चेन्नईची गाडी पकडली, दोन दिवस युनिव्हर्सिटीच्या खिडकीपुढे उभा राहिलो, पत्र आणलं. तर म्हणे, पाकीट सीलबंद नाही. परत जा.

मग कौन्सिलचा, म्हणजे सरकारी परिषदेकडच्या नोंदणीचा, नंबर. अर्ज केलाय, पावती जोडलीय. 'सर, पावती चालत नाही, रकाना भरावाच लागते.' केंद्राचा अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा कायदा २०२१ चा. त्याच्या परिशिष्टात आमच्या कामाचं नाव छापलेलं आहे. सहा महिन्यांत प्रत्येक राज्यानं आपली परिषद नेमावी, असं त्याच कायद्यात लिहिलंय. ऑगस्ट २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाला केंद्राला आणि राज्यांना दोन महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली, तोवर काय चाललं होतं? सरकारनं वेळ काढायचा आणि रकाना रिकामा म्हणून दारात मला अडवायचं! भारतात हा कोर्स डॉ. के. एम. चेरियन यांनी १९९२ मध्ये चेन्नईत सुरू केला. तीस वर्षांच्या वर झाली, तरी ऑफिसातल्या मॅडम मला विचारतात, 'म्हणजे तुम्ही कंपाउंडर का?'

तपासणीला माझा विरोध नाही. उघड्या पोटात हात घालणाऱ्या माणसाला तपासलंच पाहिजे, कसून तपासलं पाहिजे. माझ्या लॉगबुकात प्रत्येक केसपुढे सर्जनची सही आहे. ते उघडून बघा. चार केसेसना मला तुमच्या सर्जनच्या समोर उभं करा, गाठ मारायला लावा, स्किन शिवायला लावा. कोणतं काम मी एकट्यानं करायचं, कोणतं सर्जन समोर असतानाच, आणि कशाला अजिबात हात लावायचा नाही, हे लिहून द्या. प्रिव्हिलेजिंग म्हणतात ते हेच. सात महिन्यांत एकाही माणसानं ते लॉगबुक उघडलेलं नाही.

रोवणीच्या दिवसांतली गोष्ट सांगतो. रात्री दीडला सर्जन सरांचा फोन आला. आतडं फुटलेला पेशंट, पस्तिशीचा मजूर, पोट लाकडासारखं कडक. मी दहा मिनिटांत पोचलो. कपडे बदलून ऑपरेशन थिएटरच्या दारात गेलो तर ड्युटीवरचे मॅनेजर आडवे. 'कमिटीची मीटिंग झाली नाही, तुमचं नाव लिस्टमध्ये नाही.' सर आतून ओरडत होते. शेवटी डीव्हर, म्हणजे आतले अवयव बाजूला सारून धरायचा रिट्रॅक्टर, कुणी धरला? स्ट्रेचर ढकलणाऱ्या पोऱ्यानं! यकृताखाली तो लांब रिट्रॅक्टर किती ताणायचा, कुठे थांबायचं, त्या पोराला कुणी कधी शिकवलेलं नाही. जास्त ओढला तर यकृत फाटतं. पोराचा दोष नाही, त्याला उभं केलं, तो उभा राहिला. त्याला कुणी फाईल मागितली? सही ठोकायला लागेल म्हणून ऑपरेशनच्या नोंदीत त्याचं नावही नाही.

मी बाहेर बाकड्यावर बसलो. पेशंटची बायको चिखलाच्या पायांनी आली होती, बांधातून थेट. म्हणाली, 'भाऊ, तुमी तं कपडे घालून आहा, मंग आत काऊन नाही गेले?'

काय सांगणार होतो मी तिला? मीटिंग झाली नाही म्हणून?

पेशंट वाचला, सरांच्या हातामुळे वाचला. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात जाऊन कमिटी कधी बसणार ते विचारलं. तीन महिन्यांतून एकदा बसते, मागची वेळ एक मेंबर लग्नाला गेले म्हणून हुकली. आणि ही कमिटी मला एकाच हॉस्पिटलची परवानगी देणार. तेच सर वडशाच्या हॉस्पिटलात ऑपरेशन करतात, तिथे सगळं पहिल्यापासून. तीच डिग्री, तीच नोटरी, तेच पोलीस व्हेरिफिकेशन.

काल परत मेसेज आला. 'हिपॅटायटिस बीचा अँटीबॉडी रिपोर्ट सहा महिन्यांपेक्षा जुना आहे, नवीन जोडावा.' अहो, दिला तेव्हा तो चार दिवसांचा होता! तुमच्या कपाटात जुना झाला तो!