सर्व्हर बदलल्यानंतरच्या त्या सोमवारबद्दल

नमस्कार साहेब,

तुम्ही एक तारा देऊन लिहिलंत: "प्रोग्रॅम तोच राहील, फक्त ड्रायव्हर बदलेल, असं सांगून डेटाबेस बदलायला लावला. सोमवारी चलान निघेना, भरलेला टेम्पो गेटवर उभा. पुढे आठवडाभर जेवणाच्या सुट्टीनंतर कनेक्शन तुटत राहिलं. वर जास्तीचं बिल. सगळं एकाच कंपनीचं घेतलं असतं तर ही वेळ आली नसती."

त्रास झाला, तो आमच्यामुळे झाला, आणि त्याबद्दल मनापासून माफी मागतो. शेवटचं वाक्य मात्र पटत नाही.

आधी सोमवारचं. तुमचा प्रोग्रॅम व्हिज्युअल बेसिक ६ मधला, म्हणजे ३२ बिटचा. ६४ बिटच्या विंडोजमध्ये ओडीबीसीचं (प्रोग्रॅमला कुठल्याही डेटाबेसशी जोडणाऱ्या ठरलेल्या पद्धतीचं) सेटिंग दोन ठिकाणी असतं, ३२ चं वेगळं आणि ६४ चं वेगळं. आमच्याकडे काम करणाऱ्या मुलाने शनिवारी संध्याकाळी ६४ च्या बाजूला पोस्टग्रेसचा, म्हणजे तुमच्या नव्या डेटाबेसचा, सिस्टिम डीएसएन (कुठल्या डेटाबेसला कसं जोडायचं याची नोंद) बनवला, 'टेस्ट' दाबलं, कनेक्शन लागलं, आणि तो निघाला. तुमच्याच प्रोग्रॅममधून एक चलान काढून बघितलं असतं तर तिथल्या तिथे कळलं असतं. सोमवारी प्रोग्रॅमला तो डीएसएन दिसलाच नाही. काम दहा मिनिटांचं होतं, पण सिंहगड रोडवरून भोसरीला माणूस पोचेपर्यंत साडेबारा वाजले. टेम्पोवाल्याला काय वाटलं असेल ते मी समजू शकतो.

आता जेवणानंतरच्या तुटण्याचं. तुमच्या डिस्पॅचच्या ताईंनी स्क्रीनचा फोटो पाठवला होता, त्यात १००५४ हा आकडा होता. हा आकडा ना पोस्टग्रेसचा, ना ड्रायव्हरचा. तो विनसॉकचा, म्हणजे विंडोजवर प्रोग्रॅमने नेटवर्कशी बोलायच्या ठरलेल्या पद्धतीचा आहे, आणि कुठल्याही कंपनीचा डेटाबेस असो, विंडोजवर त्याचा अर्थ एकच: समोरून कनेक्शन तोडलं गेलं. म्हणून आम्ही ड्रायव्हर उचकटत न बसता थेट दोन युनिटमधल्या फायरवॉलचा लॉग उघडला. अर्धा तास काही हालचाल नसलेलं कनेक्शन तो कापत होता, आणि तुमची सुट्टी पाऊण तासाची. फायरवॉल आम्हीच बसवला होता, हे आधीच लक्षात यायला हवं होतं. आता सर्व्हर दर पाच मिनिटांनी रिकाम्या कनेक्शनलाही एक हाक देतो. त्यानंतर तक्रार आलेली नाही.

एकाच कंपनीचं घेण्याबद्दल. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला विंडोजसोबत टीसीपी/आयपी (इंटरनेट ज्यावर चालतं ती नेटवर्कची भाषा) येतच नसे. ते वेगळ्या कंपनीकडून विकत घ्यायचं, आणि प्रत्येक कंपनीची बोलायची पद्धत निराळी. त्यामुळे डेटाबेसवाल्याला एकाच ड्रायव्हरचे नेटवर्कगणिक निरनिराळे अवतार करावे लागत. ऑफिसने नेटवर्कचं पॅकेज बदललं की डेटाबेसचा ड्रायव्हर निकामी. मग काही कंपन्यांनी एकत्र बसून बर्कली विद्यापीठात युनिक्ससाठी बनलेल्या 'सॉकेट' पद्धतीवर आधारलेलं विनसॉक ठरवलं. १.१ ही आवृत्ती जानेवारी १९९३ची. खाली नेटवर्क कोणाचंही असो, फंक्शनची नावं आणि चुकांचे आकडे तेच. ड्रायव्हरने विनसॉकशी बोलायचं, बस. त्याच्या वरच्या बाजूला १९९२ पासून ओडीबीसी होतंच, म्हणजे प्रोग्रॅमनेही डेटाबेस कोणाचा हे बघायचं फारसं कारण उरलं नाही.

तुमच्या शॉपमध्ये एम १० चा नट कोणाकडूनही आणला तरी दीड मिलिमीटर पिचच्या बोल्टवर बसतो. किती आवळायचं ते फिटरने बघायचं असतं. आटे जुळले होते साहेब, आवळण्यात आम्ही कमी पडलो. एकाच कंपनीचा नट घेतला असता तरी हा फिटर चुकलाच असता, आणि पुढे त्या कंपनीने लायसन्सचे दर वाढवले की तुमच्याकडे दुसरा रस्ता राहिला नसता. डेटाबेस बदलायचा तुमचा विचार मुळात त्याच दरवाढीमुळे सुरू झाला होता.

जास्तीचं बिल तीन रिपोर्टचं होतं. त्यांत पहिल्या दहाच ओळी मागायला 'टॉप १०' असं लिहिलेलं होतं, पोस्टग्रेसला तिथे 'लिमिट' लागतं. ओडीबीसी असे फरक झाकत नाही. बाकी प्रोग्रॅमची एक ओळही बदलावी लागली नाही. पण "फक्त ड्रायव्हर बदलेल" हे वाक्य आमच्या माणसाचं होतं, तेव्हा ते २,४०० रुपये तुमच्याकडून घेणं बरोबर नाही. या आठवड्यात परत करतो.

येत्या शनिवारी मी स्वतः येतो. दोन्ही युनिटमधल्या प्रत्येक मशीनवर तुमच्या लोकांसमोर चलान काढून बघू. डिस्पॅचच्या ताईंनाही तेव्हा थांबायला सांगा, त्यांना आणखी काही खटकत असेल तर तेही त्याच दिवशी बघून घेऊ.