काळी माशी घाणीत वाढत नाही

काठीचं एक टोक पोराच्या हातात, दुसरं आंधळ्या आजोबांच्या. असा फोटो आणि खाली मजकूर: ‘आफ्रिकेच्या खेड्यांत एक माशी चावते नि माणूस आंधळा होतो. घाणीत राहिल्याचं फळ. औषध नाही.’ हा मेसेज बऱ्याच ग्रुपांवर फिरतो. वाचून वाईट वाटतं, कारण तो त्या माणसांनाच दोषी ठरवतो.

काळी माशी खरी आहे. पण तिच्या अळ्यांना खळाळतं, वेगानं वाहणारं नदीचं पाणी लागतं, उकिरडा नाही. म्हणून तर पश्चिम आफ्रिकेत लोकांनी नदीकाठची कसदार जमीन सोडून गावं हलवली. एका चाव्यानं कुणी आंधळं होत नाही. माशी एका जंताच्या बारीक अळ्या अंगात सोडते, त्यांचेच पुढे मोठे जंत होतात. वर्षानुवर्षं चावे बसले की त्या जंतांची असंख्य पिल्लं कातडीत नि डोळ्यांत पसरतात, तिथेच मरतात, आणि त्या दाहानं डोळ्यात फूल पडतं.

‘औषध नाही’ हे सपशेल खोटं. मर्क कंपनीनं १९८७ मध्येच या रोगासाठी आयव्हरमेक्टिन फुकट द्यायचं जाहीर केलं. त्यानं पिल्लं मरतात, पण मोठे जंत दहा-पंधरा वर्षं जगतात. त्यामुळे अख्ख्या गावाला दरवर्षी गोळ्या द्याव्या लागतात. गावातलेच स्वयंसेवक खुणांच्या काठीनं उंची मोजून किती गोळ्या ते ठरवतात. जानेवारी २०२५ मध्ये नायजर या रोगातून मुक्त झालेला आफ्रिकेतला पहिला देश ठरला.

मुळात तिथल्या आंधळेपणाचं पहिलं कारण माशी नाहीच. मोतीबिंदू आहे, आपल्या आजीला होतो तोच. शस्त्रक्रिया अर्ध्या तासाच्या आतली. पण डोळ्यांचे डॉक्टर बहुतेक शहरांत, आणि तिथवरचं भाडं, सोबत येणाऱ्याची बुडणारी मजुरी यातच सगळं अडतं. मग सुई घेऊन फिरणारा वैद्य गढूळ भिंग डोळ्यात मागे ढकलतो. उत्तर नायजेरियात हे चालत आलंय. थोडे दिवस दिसतं, मग पुष्कळदा डोळाच जातो. याला अडाणीपणा म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, अशीच शस्त्रक्रिया सुश्रुतसंहितेतही आहे.

आंधळेपणाचं आणखी एक कारण राहिलं: खुपऱ्या, म्हणजे पापणीच्या आतल्या बाजूला होणारा संसर्ग (ट्रॅकोमा). त्या बोटांनी, कापडांनी, चेहऱ्यावर बसणाऱ्या माश्यांनी पसरतात, हे खरं. पुन्हापुन्हा झाल्या की पापणी आत वळते नि केस डोळा खरवडत राहतात. पण तोंड धुवायला पाणी लागतं. कोसभर चालून आणलेलं पाणी बाई आधी स्वयंपाकाला ठेवते, आणि पोरं सांभाळता सांभाळता तिलाच लागण होत राहते; खुपऱ्यांनी आंधळ्या होणाऱ्यांत बायका पुरुषांपेक्षा चौपटीपर्यंत जास्त. तरीही खुपऱ्या ही सार्वजनिक आरोग्याची समस्या उरली नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं घानाबद्दल २०१८ मध्ये जाहीर केलं. भारताबद्दल २०२४ मध्ये.