घर बघताना पूररेषाही विचारा

नाशिकला बिऱ्हाड हलवणाऱ्यांसाठीच्या तुमच्या लेखात शाळा, भाडं, ऑफिसचं अंतर सगळं आलंय, पुराचा मात्र उल्लेख नाही. म्हणून कळकळीने लिहितेय. २०१९ च्या जुलैत आम्ही धुळ्याहून आलो, नासर्डी नदीच्या काठाला तळमजला घेतला. एजंट काही बोलला नाही, आम्हीही विचारलं नाही. ४ ऑगस्टला पार्किंगमधलं पाणी थेट स्वयंपाकघरात! मुलांना उचलून वरच्या मजल्यावर नेलं.

नंतर शेजारच्या आजींनी सगळं सांगितलं. इथे गोदावरीला गंगाच म्हणतात, आणि पूर मोजतात तो रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर: पाणी गुडघ्याला, कमरेला की छातीला. नारोशंकराच्या देवळातल्या घंटेला पाणी लागलं की महापूर. १९६९, २००८, २०१६ ही सालं त्यांना तोंडपाठ! आम्हाला एकही माहीत नव्हतं.

निळी पूररेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. आपली इमारत कुठे येते ते महापालिकेच्या नगररचना विभागात विचारा. आणि टोकन देण्याआधी गल्लीतल्या जुन्या किराणा दुकानदाराला एवढंच विचारा, २०१९ ला पाणी कुठवर होतं? तो भिंतीवर हात ठेवून दाखवेल.