आपटलेली बोट, न पडणारा रिव्हर्स आणि केबल : एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा मनाला लागली. दुसऱ्यांदा वाचताना त्यात तुम्ही तुमच्या बोटीची जी लक्षणं लिहिली आहेत ती नीट दिसली, आणि मग उत्तर लिहायला बसलो. उत्तर लांबणार आहे.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की बोट तळाला लागल्यानंतर स्टर्नड्राइव्हचा (इंजिन बोटीत आणि पंखा फिरवणारा भाग मागे बाहेर, अशी रचना) गिअर नीट पडेनासा झाला, तर खालचा गिअरकेस, म्हणजे गिअरची पेटी, उघडायच्या आधी शिफ्ट केबल, म्हणजे गिअर बदलणारी केबल बघा. दादांची बोट वाळूच्या दांड्याला लागली, आणि आता गिअर काढताना इंजिन बंद पडतं, रिव्हर्स नीट पडत नाही. माझ्या लेखावर त्यांनी लिहिलंय, "आपटलाय ड्राइव्ह आणि तुम्ही केबल बघायला सांगता. पाय मोडलेल्याला ताप किती आहे विचारण्यासारखं झालं हे." पुढे त्यांनी विचारलंय की सोलापुरात समुद्र नाही, मग हे ज्ञान आलं कुठून, आणि असले लेख वाचून गिऱ्हाईक मिस्त्रीशी हुज्जत घालायला लागतं.

समुद्राचं आधी सांगतो. आमच्याकडे उजनी आहे. भीमेवरचं हे धरण १९८० साली पुरं झालं. पूर्ण भरलं की ११७ टीएमसीच्या घरात पाणी, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त मृतसाठा. म्हणून उन्हाळ्यात धरण ‘मायनस’मध्ये गेलं असं आम्ही म्हणतो, आणि सोलापूरकराला त्याचा अर्थ नळाच्या पाण्यावरून लगेच कळतो. बोटवाल्याला तो वेगळ्या तऱ्हेने कळतो. पाणी उतरलं की बुडालेल्या गावांच्या भिंती, पार, विहिरींचे कठडे, बाभळीचे बुंधे वीतभर पाण्याखाली येऊन थांबतात. पळसदेवचं जुनं देऊळ निदान वर दिसतं तरी. जे दिसत नाही ते ड्राइव्हला लागतं. तुमच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे, आमच्याकडे घडीव दगड आहे.

आता केबलचा आग्रह कुठून आला ते. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात एक छोटी स्पीडबोट अशाच एका बुडीत भिंतीवर चढली. ड्राइव्ह वर उसळून परत खाली बसला. त्यानंतर फॉरवर्डमधून न्यूट्रलला आणलं की इंजिन बंद पडायचं, आणि रिव्हर्स कधी पडायचा, कधी नाही. मार बसलेला डोळ्यांनी दिसत होता, स्केगचं (पंख्याखालच्या परासारख्या पात्याचं) टोक उडालं होतं. मी तुमच्यासारखाच विचार केला आणि खालचा गिअरकेस उघडला. आत गिअर चांगले, डॉग क्लचचे (दाते एकमेकांत अडकवून गिअर पाडणारा भाग) दाते चांगले, ऑइलमध्ये पाण्याचा थेंब नाही. सील नवे टाकायचे म्हणून ते बाहेरून मागवले, त्यात तीन आठवडे गेले. सगळं जोडून बोट पाण्यात घातली तर दुखणं जिथल्या तिथे. दोष सापडला तो केबलमध्ये. ड्राइव्ह उसळला तेव्हा बिजागरीपाशी केबलचं बाहेरचं आवरण चेपलं होतं. मालकाचे पैसे आणि हंगाम, दोन्ही माझ्या घाईने गेले. ते अजून मनात आहे, म्हणून मी तो लेख लिहिला.

केबल इतकी महत्त्वाची का, हे लेखात मी नीट उलगडून सांगितलं नव्हतं. तुमचा ड्राइव्ह मर्क्रूझर अल्फा आहे असं तुम्ही लिहिलंय, तर त्याचंच घेऊ. तुमच्या हातातल्या लिव्हरपासून एक केबल इंजिनवरच्या शिफ्ट प्लेटपर्यंत येते. तिथून दुसरी, खालची केबल बोटीच्या मागच्या भिंतीतून, रबरी बेलोजमधून (घड्यांच्या नळीसारख्या आवरणातून) ड्राइव्हमध्ये जाते. आत क्रँक, उभे दांडे, आणि सगळ्यात खाली डॉग क्लच. या क्लचचे दाते जोरावर असताना एकमेकांत इतके घट्ट अडकतात की हाताने सुटत नाहीत. म्हणून शिफ्ट प्लेटवर एक स्विच असतो. गिअर सोडवताना केबलवर ताण आला की तो स्विच क्षणभर इग्निशन तोडतो, इंजिन एक ठोका चुकतं, दाते सैल होतात आणि गिअर सुटतो. क्षणभरच. केबल जड चालत असेल तर ताण उतरतच नाही, स्विच दबलेलाच राहतो आणि इंजिन बंद पडतं. न्यूट्रलला आणताना इंजिन मरणं हे या ड्राइव्हमध्ये आधी जड केबलचं लक्षण आहे, गिअर तुटल्याचं नाही. तुमच्या प्रतिक्रियेत नेमकं हेच वाक्य आहे, "पुढचा गिअर मस्त, पण काढताना इंजिन बसतं."

केबल जड झाली किंवा तिचं सेटिंग हललं की तिची सरकही पुरी होत नाही. मग रिव्हर्सचे दाते अर्धेच अडकतात आणि खर्र आवाज येतो. म्हणजे तुमची दोन्ही लक्षणं एका केबलमधून निघू शकतात.

निघू शकतात म्हणालो, निघतातच असं नाही. तुम्ही जाता जाता लिहिलंय की वाळूच्या दांड्यावरून सुटायला "दहा मिनिटं फुल रिव्हर्स मारला". दादा, मला तुमच्या आपटण्यापेक्षा या दहा मिनिटांची काळजी जास्त वाटते. वाळूत बोट रुतणं तसं मऊ असतं. पण रुतलेल्या पंख्यावर पूर्ण जोर दिला की रिव्हर्सच्या दात्यांच्या कडा झिजून गोल होऊ शकतात, आणि त्याच वेळी पाण्याचा पंप वाळू ओढतो. पंपाचा रबरी इंपेलर काढून बघा, पाती खरवडलेली असली तर बदला. नाहीतर गिअर दुरुस्त होईल आणि इंजिन तापून बसेल.

केबल की दाते, हे न उघडता कळतं. किल्ली काढून खिशात ठेवा. शिफ्ट प्लेटवरून दोन्ही केबल सोडवा. वरची लिव्हर हलवून बघा, ती मोकळी असेल तर तो अर्धा भाग बाद. मग खालच्या केबलचं टोक बोटांनी आत-बाहेर सरकवा आणि दुसऱ्या माणसाला पंखा हाताने हळू फिरवायला सांगा, म्हणजे दाते समोरासमोर येतील. केबल बोटांच्या जोराने सरकली पाहिजे. हे ड्राइव्ह खाली असताना करा, मग थोडा वर उचलून करा, मग डावीकडे-उजवीकडे वळवून करा. एखाद्या जागी जड आणि दुसऱ्या जागी हलकी लागली, तर केबल बिजागरीपाशी चेपली आहे असं समजा. सगळीकडेच जड असेल तर ड्राइव्ह उतरवावा लागेल. अल्फा असेल तर फॉरवर्ड गिअरमध्ये ठेवूनच काढायचा. उतरवल्यावर केबल परत सरकवा. अजून जड असेल तर दोष केबलचा. मोकळी झाली तर दोष ड्राइव्हच्या आत आहे, आणि मग मिस्त्रीने तो उघडावा, मीच सांगतो. केबल हलकी, सेटिंग बरोबर, तरी फक्त रिव्हर्सच जोर दिल्यावर उडतो, तर तुमचं निदान खरं आणि माझं चूक.

ब्राव्हो (मर्क्रूझरचाच दुसरा ड्राइव्ह) किंवा व्होल्वो पेंटाच्या कोन क्लचवाल्या (दात्यांऐवजी शंकूच्या आकाराचा क्लच असलेल्या) ड्राइव्हला हे असंच लागू करू नका. त्यांचा क्लच वरच्या भागात असतो. गिअर पडत नाही म्हणून तिथे खालचा गिअरकेस उघडणं म्हणजे भलतीकडेच शोधणं.

एका बाबतीत तुम्ही बरोबर आहात, आणि ते मोठ्या मनाने नाही, मनापासून कबूल करतो. मार बसलेल्या ड्राइव्हचं ऑइल आणि पंखा केबलच्याही आधी बघायला हवा, आणि ते मी लिहिलंच नव्हतं. बोट रात्रभर उभी ठेवून सकाळी खालचा स्क्रू किंचित सैल करा. पाणी असेल तर तेच आधी येतं. ऑइल दुधाळ चहासारखं असेल तर सील गेलं. स्क्रूच्या चुंबकावर बारीक काळी पेस्ट चालते, कणी किंवा तुकडा दिसला तर इंजिन चालूच करू नका. पंख्याजवळ एक काडी स्थिर धरून शाफ्ट हाताने फिरवा, टोक डुलत असेल तर शाफ्ट वाकला. इंजिन आवाज करतं पण बोट ओढत नाही असं असेल तर पंख्याच्या हबवर (आतल्या मधल्या भागावर) आणि बाहेरच्या नळीवर मिळून एक रंगाची रेघ मारा. चालवून आल्यावर रेघ तुटलेली दिसली तर आतला हब सरकलाय, गिअरचा काही संबंध नाही. हा भाग आता मूळ लेखात घातला आहे.

मिस्त्रीशी हुज्जतीचं म्हणाल, तर मी स्वतः हातात पाना धरणारा माणूस आहे. गिऱ्हाईकाने येऊन "केबल सोडवून बघितली, खाली असताना हलकी, उचलल्यावर जड" एवढं सांगितलं तर माझा अर्धा दिवस वाचतो. ती हुज्जत नसते.

आणि हे आजच बघा. शिफ्ट केबलचा रबरी बेलोज फाटला असेल तर त्यातून पाणी थेट बोटीच्या तळात येतं आणि धक्क्याला बांधलेली बोट रात्रीत बसते. ड्राइव्ह पूर्ण उचलून सगळ्या बेलोजच्या घड्या बोटाने उलगडून तपासा. तोपर्यंत बोट ट्रेलरवर काढून ठेवा. केबल खाली कशी सरकली आणि वर कशी, दोन्ही लिहून कळवा.