वसईशी आपला काय संबंध? असईला विचारा

सुट्ट्या जवळ आल्या की आपल्याकडच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो: ‘मुंबईला गेलात तर वसईच्या किल्ल्यावर वेळ घालवू नका. सपाट जमिनीवरचा किल्ला, अर्ध्या तासात उरकतो. चिमाजीअप्पांनी चर्च पाडली, आता नुसत्या भिंती उरल्यात. शेवटी तो पोर्तुगीजांचा, मराठवाड्याचा काय संबंध?’ जालना-परभणीकडची चांगली वाचणारी माणसंही तो पुढे पाठवतात, याचं फार वाईट वाटतं.

सपाट जमीन हा दोष कधीपासून झाला? नळदुर्ग, परंडा, औसा, उदगीर हे आपले नावाजलेले किल्ले भुईकोटच आहेत. डोंगराचा आधार नसला की सगळी हुशारी बांधकामात लागते. वसईच्या जमिनीकडच्या दरवाजातून आत शिरा. पहिला दरवाजा ओलांडला की वाट सरळ जात नाही, भिंतीला भिडून वळते आणि मगच दुसरा दरवाजा येतो. हत्तीला धडकेसाठी धाव मिळू नये आणि वळणावर अडकलेला शत्रू वरून टिपता यावा, अशी ती रचना. परंडा पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

अर्ध्या तासाचं म्हणाल, तर तटाच्या आत एक अख्खं शहर होतं. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली, तेव्हापासून दोनशे वर्षं ते नांदलं. फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती साधूंच्या पंथाच्या चर्चचं छत गेलंय, पण पायाखाली थडग्यांच्या शिळा अजून आहेत. त्यांवर कोरलेली पोर्तुगीज अक्षरं बोट फिरवलं तर कळतात. तेवढ्यासाठीच तास जातो.

आता चर्च पाडल्याचा आरोप. मराठ्यांच्या सुरुंगांनी तट-बुरूज फुटले, हे खरं. चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून नेल्या, हेही खरं. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात त्यातलीच एक टांगलेली आहे. पण मे १७३९ मध्ये चिमाजीअप्पांच्या फौजेपुढे किल्ला पडला तेव्हा पोर्तुगीजांना शस्त्रांसह, बायकामुलांसह सन्मानाने बाहेर पडू दिलं होतं. पुढे १७८० मध्ये इंग्रज सेनापती गॉडर्डने याच तटावर तोफा डागल्या. एकोणिसाव्या शतकात तर किल्ल्याची जागा भाड्याने देऊन आत साखर कारखाना काढला गेला. एवढ्या सगळ्या पडझडीचं खापर एकट्या चिमाजीअप्पांवर फोडणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

आणि संबंध? ३१ डिसेंबर १८०२ ला दुसऱ्या बाजीराव पेशव्याने वसईतच इंग्रजांशी तह केला आणि त्यांची तैनाती फौज, म्हणजे आपल्या खर्चाने पोसायची इंग्रजी फौज, पदरी घेतली. शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांना तो तह मान्य नव्हता. त्यातून पेटलेलं युद्ध थेट आपल्या दारात आलं. २३ सप्टेंबर १८०३ ला जालना जिल्ह्यातल्या असईजवळ, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात, इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली आणि मराठे भिडले. शिंद्यांच्या तोफांनी इंग्रजांच्या बाजूची दीड हजारांहून जास्त माणसं मारली किंवा जखमी केली. तरी लढाई आपण हरलो. पुढे वॉटर्लूवर नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन म्हणजे हाच वेलस्ली. ज्या कागदामुळे असईच्या शिवारात रक्त सांडलं, तो वसईत झाला. आणि आपणच विचारायचं, संबंध काय?

जायचं असेल तर दादरला उतरून विरार लोकल धरा, वसई रोडहून बस किंवा रिक्षा मिळते. सकाळीच पोहोचा, पाणी सोबत ठेवा. आत सावली कमी आहे.