साडेतेवीस मिनिटांचा प्रश्न

मला आयुष्यात फार काही नकोय. म्हणजे कोथरूडात पार्किंग मिळालं तर हवंच आहे, पण ते जाऊ दे. मला फक्त एक गाणं पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत, मध्ये न थांबवता, मध्ये कुणी न बोलता ऐकायचंय. एकदाच. आता तुम्ही म्हणाल त्यात काय एवढं, गाणं असतं चार मिनिटांचं, बाथरूममध्ये जाऊन ऐक. तर गोची तिथेच आहे. माझी सगळी लाडकी गाणी सत्तरच्या दशकातली इंग्रजी रॉक आहेत आणि त्या लोकांना घाई नावाची गोष्टच माहीत नव्हती. पिंक फ्लॉइडचं ‘एकोज’ घ्या, साडेतेवीस मिनिटं, १९७१ च्या ‘मेडल’ रेकॉर्डची अख्खी दुसरी बाजू या एका गाण्याने खाल्लीये. जेथ्रो टलवाल्यांनी तर १९७२ मध्ये हद्दच केली, ‘थिक अ‍ॅज अ ब्रिक’, गाणं एकच पण दोन्ही बाजू भरून, चाळीस मिनिटांच्या वर, म्हणजे मध्येच उठून रेकॉर्ड उलटी करायची आणि तेच गाणं पुढे ऐकायचं. डीप पर्पलचं ‘चाइल्ड इन टाइम’ दहा मिनिटांचं. लेड झेपलिनचं ‘स्टेअरवे टू हेवन’ आठ मिनिटांचं, त्याला आमच्यात छोटं धरतात.

आणि आमच्या घरात सलग आठ मिनिटं शांतता याआधी कधी होती ते मला नीट आठवतंय. २०२३ ची वर्ल्डकप फायनल हरल्यावर.

या दुखण्याची सुरुवात मात्र घरातल्यांनी केलेली नाही, ते पाप कॅसेटवाल्याचं. अकरावीत असताना, १९८९ ची गोष्ट, ओरिजिनल कॅसेट परवडायच्या नाहीत म्हणून आम्ही वहीच्या पानावर गाण्यांची यादी करून कोरी कॅसेट घेऊन एका दुकानात द्यायचो आणि तो आठवड्याने भरून द्यायचा. साठ मिनिटांची कॅसेट, एका साइडला अर्धा तास. त्याचा हिशोब सरळ होता, यादीतली गाणी एकामागून एक टाकायची आणि टेप संपली की संपली. गाणं संपलंय की नाही हा त्याचा विषय नव्हता. माझ्या यादीत ए साइडला सगळ्यात शेवटी होतं ‘स्टेअरवे’. ते सुरू होतं नुसत्या गिटारवर, मग बासऱ्या, रॉबर्ट प्लांट अगदी हळू गातोय, चार मिनिटं उलटून गेल्यावर कुठे जॉन बोनहॅमचे ड्रम येतात, गाणं हळूहळू चढतंय, चढतंय, आता काहीतरी होणार असं वाटायला लागतं आणि खटाक. प्लेचं बटण वर.

मला वाटायचं गाणंच तसं आहे.

दोन वर्षं वाटायचं. नुसतं वाटत नव्हतं, मी लोकांना समजावून सांगायचो. ‘हाच तर यांचा मोठेपणा आहे रे, तुम्हाला जिन्यावर अर्ध्यात आणून सोडतात, पुढचा तुमचा तुम्ही चढायचा.’ एका मुलीलाही सांगितलं होतं. ती म्हणाली होती, किती डीप. मग इंजिनिअरिंगच्या फर्स्ट इयरला हॉस्टेलवर एका सिनियरच्या खोलीत आठदहा जण बसलेले, तो म्हणाला जगातला सगळ्यात भारी सोलो, म्हणजे एकट्या गिटारचा तुकडा, कुठला, तर सगळे म्हणाले ‘स्टेअरवे’चा, आणि मी म्हटलं, ‘कुठला सोलो?’ ती शांतता मी अजून विसरलेलो नाही. कुणी हसलं नाही, ते जास्त लागलं. सिनियरने उठून गाणं लावलं. माझी खटाकची जागा आली, मी सवयीने मान खाली घालून तयार, आणि गाणं चालूच. जिमी पेजची टेलिकास्टर गिटार सुरू झाली. पुढची दोन मिनिटं मी त्या खोलीत जे तोंड करून बसलो होतो त्यावरून मला चार वर्षं ‘जिना’ म्हणायचे. त्या मुलीला मी खरं काय ते कधीच सांगितलं नाही, ती आता कॅनडात असते आणि कदाचित अजून कुणाला तरी तेच समजावून सांगत असेल.

आजही ते गाणं ऐकताना त्या जागेला माझ्या डोक्यात खटाक वाजतंच.

घरी मात्र या गाण्यांची पहिली दाद मला अशा माणसाकडून मिळाली की मित्रांना खरं वाटलं नाही. माझे बाबा. सवाईला भारतीय बैठकीवर तीन दिवस मांडी घालून बसणारा माणूस, स्वतः पेटी वाजवायचे, सिनेमातली गाणी म्हणजे ‘चटणी’ असं त्यांचं मत. एका संध्याकाळी मी ‘चाइल्ड इन टाइम’ लावलं होतं, आवाज जरा जास्तच होता, इयान गिलनचं ते वरवर जाणारं आ-आ-आ सुरू झालं आणि बाबा दारात. मला वाटलं आता टेप खिडकीबाहेर.

‘हा रडतोय का?’

‘नाही बाबा, गातोय.’

‘शब्द कुठायत?’

‘आलाप आहे.’

‘बरं,’ म्हणाले आणि चक्क खुर्ची ओढून बसले. पुढचं सगळं ऐकलं. मध्ये एकदा म्हणाले, ‘तार सप्तकात गेला की रे हा. आणि फाटला नाही.’ नंतर गाण्याची लय एकदम वाढते तेव्हा मान हलली, आणि शेवटी त्यांनी जो प्रश्न विचारला तो आजवर एकाही रॉकवाल्याने मला विचारलेला नाही. ‘पेटीला कोण आहे?’

मी म्हटलं जॉन लॉर्ड, आणि ती पेटी नाहीये, हॅमंड ऑर्गन आहे, त्याने तो गिटारच्या मार्शल अ‍ॅम्प्लिफायरला जोडला म्हणून असा गुरगुरतो. बाबा म्हणाले, ‘म्हणजे पेटीच. हात तयार आहे त्याचा.’ विषय संपला. तेव्हापासून आमच्या घरात जॉन लॉर्ड म्हणजे ‘तो पेटीवाला’.

त्यांची दाद आंधळी नव्हती हं. पिंक फ्लॉइडचं ‘मनी’ ऐकवलं तर सुरुवातीचा तो गल्ल्याचा आणि नाण्यांचा खुळखुळाट चालू असतानाच बोटं मोजायला लागले, एक दोन तीन, चार पाच, सहा सात. ‘अरे, सात मात्रा! रूपक आहे की हा!’ एवढे खूश झाले की आईला स्वयंपाकघरातून बोलावलं. सॅक्सोफोन संपेपर्यंत टाळी धरून होते. मग डेव्हिड गिलमोरची गिटार सुरू होते आणि तिथे ते लोक सातावरून सरळ चारावर येतात, तर बाबांची टाळी चुकली. परत धरली, परत चुकली. ‘मध्येच ताल बदलला यांनी. सांगायची काही पद्धत?’ त्या रात्री जेवताना गप्प होते.

असो. तर मी म्हणत होतो आजकालचं. आता काय आहे, फोनमध्ये सगळं आहे. रेकॉर्ड उलटी करायला नको, पेन्सिल घालून टेप गुंडाळायला नको, स्पिरिटच्या बोळ्याने हेड पुसायला नको. गाणं अर्धवट तुटायचं एकही तांत्रिक कारण उरलेलं नाही. म्हणून ते काम आता माणसांनी वाटून घेतलंय.

‘एकोज’ सुरू होतं एका ‘टिंग’ने. रिचर्ड राइटने पियानोचा एकच वरचा स्वर लेस्ली स्पीकरमधून काढलाय, खोल पाण्यातून यावा तसा तो येतो, विरतो, परत येतो. माझ्या अंगावर दर वेळी काटा येतो. परवाही आला, आणि आतून आवाजही आला, ‘अहो, मशीन झालं वाटतं, कपडे काढा.’

‘मशीन नाहीये ते. रिचर्ड राइट आहे.’

‘मग त्यांना थांबायला सांगा आणि कपडे काढा.’

कपडे काढले. वाळत घातले. परत पहिल्यापासून लावलं (मधून लावत नाही मी, तत्त्व आहे). या वेळी गाडी अकरा मिनिटांपर्यंत गेली. तिथे गाणं संपून नुसता वारा सुटतो आणि त्यात कसल्यातरी चमत्कारिक किंकाळ्या येतात. ती गिलमोरची गिटारच आहे, वाह-वाह पेडलला, म्हणजे गिटारचा आवाज पायाने बदलायच्या यंत्राला, वायरी उलट्या जोडल्या गेल्या तर तो असा किंचाळतो असं लक्षात आलं आणि त्यांनी तोच आवाज गाण्यात ठेवला. मी डोळे मिटून वाऱ्यात, आणि पायाला काहीतरी टोचलं. बघतो तर कामाच्या मावशी माझ्या खुर्चीखाली झाडू घालून वाकलेल्या. ‘दादा, मांजर अडकलंय हो कुठंतरी, लई ओरडतंय.’ मी पॉज केलं, ओरडणं थांबलं, मावशींनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. मग मी त्यांना पेडल, वायर, उलटी जोडणी वगैरे सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘आमच्यात उलटी लावली की फ्यूज उडतो.’

पिंक फ्लॉइडच्याच ‘टाइम’चा प्रसंग तर मी विसरायचा प्रयत्न करतोय. त्या गाण्याच्या सुरुवातीला ढीगभर घड्याळं एकदम ठणाणा करतात, अ‍ॅलन पार्सन्स नावाच्या इंजिनिअरने जुन्या घड्याळांच्या दुकानात जाऊन ती रेकॉर्ड केली होती. हे गाणं दुपारी अडीचला, आई झोपलेली असताना, ब्लूटूथ आपल्या हेडफोनला जोडलंय की हॉलमधल्या स्पीकरला हे न बघता लावू नये. आई खडबडून उठली, चूळ भरली, गॅसवर दूध चढवलं आणि मला विचारलं, ‘पेपर आला का रे?’ तिला दुपार आहे हे पटवायला मला बाल्कनीत नेऊन ऊन दाखवावं लागलं. त्यानंतर रात्री तिला झोप लागली नाही, मग मलाही लागू दिली नाही.

लेकीकडून मला फार आशा होती. ती पिंक फ्लॉइडच्या ‘डार्क साइड ऑफ द मून’चा टीशर्ट घालते, काळा, मधोमध प्रिझम आणि सप्तरंग. १९७३ ची रेकॉर्ड आणि २००७ ची मुलगी, मला भरून आलं होतं. विचारलं तर म्हणाली कुठल्याशा सेलमध्ये मिळाला, कापड चांगलंय. तिची आजी शेजारच्या काकूंना सांगते, ‘बारावी सायन्सला होती ना, तेव्हाचा.’ एकदा मी तिला हेडफोन लावून बसवलं, चार मिनिटं ऐकलं तिने, मग अतिशय प्रेमाने विचारलं, ‘बाबा, याचं शॉर्ट व्हर्जन नाहीये का?’

आणि पाचगणी. सासरची सगळी मंडळी गाडीत, स्ट्रॉबेरी खायला निघालेली, पसरणी घाट चढताना मी मुद्दाम क्वीनचं ‘बोहेमियन रॅप्सडी’ लावलं, कारण फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे आपला फारुख बलसारा, पाचगणीच्याच सेंट पीटर्स शाळेत होता, तिथेच पोरांनी द हेक्टिक्स नावाचा बँड काढला होता आणि हा त्यात पियानो वाजवायचा. मी हे सांगत असतानाच गाण्यातला तो ऑपेराचा भाग आला, वेगवेगळे आवाज एकमेकांवर ओरडतायत, तर सासरे पुढे वाकून म्हणाले, ‘जावईबापू, दोन स्टेशनं एकदम लागलीयत का?’ आणि स्वतःच बटण दाबून एफएम लावला. पाच मिनिटं पंचावन्न सेकंदांचं गाणं आहे हो. १९७५ मध्ये लोकांनी त्याला लांब आहे म्हणून नावं ठेवली, पन्नास वर्षांनी पसरणी घाटातही तेच.

तर गेल्या रविवारी योग आला. सगळे साताऱ्याला मुंजीला गेले, बाबांचा गुडघा दुखतो म्हणून ते आणि त्यांच्यासोबत म्हणून मी, असे दोघेच घरी. मी जय्यत तयारी केली. कुकर आधीच उतरवून ठेवला. मशीन प्लगमधून काढलं. फोन एअरप्लेन मोडवर, गाणं आधीच उतरवून घेतलेलं. बेलचं बटण आतून बंद. बाबा खोलीत, कानातलं मशीन काढून पडलेले. मी हॉलमध्ये दिवे घालवून बसलो आणि लावलं. टिंग.

कुणी आलं नाही. गाणं गायलं गेलं, गिटार झाली, वारा आला, किंकाळ्या आल्या, कुणी मांजर शोधलं नाही. मला तर भीतीच वाटायला लागली, दोनदा दाराकडे बघितलं. वारा ओसरला, लांबून परत ती टिंग आली, हळूहळू ऑर्गन भरत गेला, इथपर्यंत मी आयुष्यात फार कमी वेळा पोचलोय, आणि काठीचा आवाज आला. बाबा. कानात मशीन घालून आले होते. शेजारी बसले. दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले,

‘हा तोच का, पेटीवाला?’

‘नाही बाबा, हा दुसरा.’

‘तो बरा होता.’

‘हो.’

‘काय करतो आता तो?’

‘गेला. २०१२ मध्ये.’

बाबांनी चश्मा काढला, पुसला, परत घातला. ‘अरेरे. त्याच्यामागे कोण वाजवतं मग?’

‘डॉन एरी म्हणून आहे. तो असतानाच आला, २००२ मध्ये.’

‘त्याचा शिष्य?’

‘नाही, बाहेरचाच. दुसऱ्या बँडमध्ये वाजवायचा.’

‘हं,’ बाबा म्हणाले, ‘बाहेरचा.’ मग बराच वेळ त्यांनी मला अशा दोनतीन मैफलींबद्दल सांगितलं जिथे नेहमीचा पेटीवाला आयत्या वेळी आला नाही आणि बाहेरचा बसवला, आणि मग काय काय झालं. मी हं हं करत होतो, एक कान तिकडे, एक इकडे. लक्षात आलं तेव्हा हॉलमध्ये फक्त पंख्याचा आवाज होता.

‘झालं ना एकदाचं तुझं सलग ऐकून?’ बाबा म्हणाले. ‘आता चहा टाक.’