चित्र नेमकं कोण काढतंय? व्हर्च्युअल मशीनमधल्या रिमोट ग्राफिक्सवरच्या एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया रागाची आहे, पण तुम्ही आउटपुटसकट लिहिलंत. त्यामुळे बोलायला काहीतरी ठोस हाताशी आहे. इतर वाचकांसाठी आधी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. व्हर्च्युअल मशीनमधल्या (मोठ्या सर्व्हरवर सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकातल्या) लिनक्सवर एखादं थ्रीडी सॉफ्टवेअर व्हीएनसीतून, म्हणजे दूरच्या मशीनचा डेस्कटॉप आपल्या पडद्यावर दाखवणाऱ्या प्रोग्रॅममधून, रखडत चालत असेल, तर व्हीएनसीच्या सेटिंगला हात लावण्याआधी चित्र कुठे रेंडर होतंय, म्हणजे सीपीयू काढतोय की ग्राफिक्सचा जीपीयू, ते शोधा, असं मी लिहिलं होतं. तुम्ही म्हणता, हा पुस्तकी घोळ आहे. दोष नेटवर्कचाच असतो, कॉम्प्रेशन वाढवलं की काम भागतं. शिवाय जीएलएक्सगिअर्स हा फिरत्या चाकांचा चाचणी प्रोग्रॅम सेकंदाला हजारावर फ्रेम्स दाखवतो, म्हणजे ग्राफिक्स ठणठणीत आहे. आणि सर्वांत वजनदार मुद्दा हा की तुम्ही मशीनला जीपीयू जोडून घेतला, रिमोट सेशनमधलं थ्रीडी काम जीपीयूकडे वळवणारं व्हर्च्युअलजीएल बसवलं, त्याच्या व्हीजीएलरन या कमांडने प्रोग्रॅम सुरू केला, तरी चित्र कोण काढतंय ते सांगणाऱ्या रेंडररच्या ओळीत ‘एलएलव्हीएमपाइप’च, म्हणजे सीपीयूवर चित्र काढणारं सॉफ्टवेअरच, येतं. तेव्हा ही पद्धत चालत नाही, असा तुमचा निष्कर्ष.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण त्याचं उत्तर तुम्हीच चिकटवलेल्या एलएसपीसीआयच्या (मशीनमधल्या कार्डांची यादी देणाऱ्या कमांडच्या) आउटपुटमध्ये आहे. तिथे डिस्प्ले कंट्रोलर दोन दिसतात. पहिला हायपरवायझरने, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने, दिलेला नकली व्हीजीए अडॅप्टर, म्हणजे कन्सोल बघण्यापुरतं कार्ड. दुसरा ००:१०.० या पत्त्यावरचा तुमचा खरा जीपीयू. आता व्हीजीएलरन काय करतो ते बघा. तो प्रोग्रॅमच्या आधी आपली लायब्ररी लोड करतो, थ्रीडी काढायला सांगणाऱ्या ओपनजीएलच्या हाका मधल्यामध्ये अडवतो, त्या ‘थ्रीडी एक्स सर्व्हर’कडे वळवतो (एक्स सर्व्हर म्हणजे लिनक्सवर पडदा सांभाळणारा प्रोग्रॅम) आणि तयार झालेलं चित्र परत आणून व्हीएनसीच्या खिडकीत ठेवतो. वेगळं काही सांगितलं नाही तर हा थ्रीडी एक्स सर्व्हर म्हणजे डिस्प्ले शून्य. तुमच्या मशीनवर डिस्प्ले शून्य उभा आहे तो नकली कार्डावर, कारण एक्सऑर्ग या लिनक्सच्या नेहमीच्या एक्स सर्व्हरला पहिलं तेच सापडलं. त्या कार्डात थ्रीडी काढण्याची ताकद नाही, म्हणून मेसा या ग्राफिक्स लायब्ररीने ते काम सीपीयूवर चालणाऱ्या एलएलव्हीएमपाइपकडे दिलं. व्हर्च्युअलजीएलने आपलं काम चोख केलंय, फक्त हाका ज्या दारात पोहोचल्या त्या दाराआड जीपीयू नाही.

यातून बाहेर पडायचे दोन मार्ग आहेत. पहिला, डिस्प्ले शून्य खऱ्या जीपीयूवर आणणं. त्यासाठी एक्सऑर्गच्या कॉन्फिगमध्ये बसआयडी, म्हणजे कार्डाचा पत्ता, द्यावा लागतो आणि इथे चांगले अनुभवी लोकही अडखळताना मी पाहिले आहेत. एलएसपीसीआय पत्ता षोडशमान (१६ च्या पायाच्या) पद्धतीत छापतं, तर एक्सऑर्गला तो दशमान लागतो. तुमच्या ००:१०.० मधला १० म्हणजे दशमान १६. कॉन्फिगमध्ये ‘पीसीआय:०:१६:०’ असं हवं. तुम्ही १० लिहिलं तर एक्सऑर्ग त्या जागी कार्ड शोधतो, त्याला काही मिळत नाही आणि ‘स्क्रीन सापडला नाही’ म्हणून तो बंद पडतो. मग माणूस ड्रायव्हरला दोष देत बसतो आणि तो तीनदा पुन्हा बसवतो.

दुसरा मार्ग मला जास्त आवडतो. व्हर्च्युअलजीएलच्या ३.० आवृत्तीपासून ईजीएलचा (जीपीयूशी थेट बोलण्याच्या मार्गाचा) आधार आहे, त्यात थ्रीडी एक्स सर्व्हर लागतच नाही. व्हीजीएलरनला ‘डी’ या पर्यायातून लिनक्स जिथे ग्राफिक्स कार्डांच्या फाइल ठेवतं त्या डीआरआय डिरेक्टरीतलं कार्डाचं नाव थेट द्यायचं. तुमच्या बाबतीत ते बहुतेक ‘कार्ड१’ असेल, कारण ‘कार्ड०’ नकली अडॅप्टरने घेतलेलं असणार. पण अंदाजावर जाऊ नका. व्हर्च्युअलजीएलसोबत येणाऱ्या ईजीएलइन्फोला डिव्हाइसची यादी मागा आणि त्यातून निवडा. निवडलेल्या कार्डाच्या फाइलला हात लावण्याची परवानगी तुमच्या खात्याला आहे का तेही बघा. नसेल तर ती परवानगी असलेल्या ग्रुपमध्ये नाव घालावं लागतं; नाव घातल्यावर पूर्ण लॉगआउट करून परत आल्याशिवाय ते लागू होत नाही, आणि जुनं व्हीएनसी सेशन तसंच चालू ठेवलं तर त्यात जुनेच ग्रुप राहतात. काही प्रोग्रॅम ईजीएलच्या मार्गाने नीट चालत नाहीत, त्यांच्यासाठी पहिला मार्ग आहेच.

अजून एक. व्हीएनसीच्या टर्मिनलमध्ये नुसतं जीएलएक्सइन्फो (रेंडररची ओळ दाखवणारी कमांड) चालवून जीपीयू आहे की नाही ते ठरवू नका. एक्सव्हीएनसी, म्हणजे व्हीएनसीचा मशीनवर चालणारा भाग, हा स्वतःच एक वेगळा एक्स सर्व्हर आहे आणि त्याचं स्वतःचं ओपनजीएल सहसा सॉफ्टवेअरचंच असतं. तिथे मशीनमध्ये कितीही भारी कार्ड असलं तरी एलएलव्हीएमपाइपच दिसणार. जीएलएक्सइन्फो व्हीजीएलरनमधून चालवलं तरच उत्तराला अर्थ आहे.

तुमच्या आउटपुटमधल्या ज्या गोष्टीकडे तुम्ही लक्ष दिलं नाही, तिकडे आता वळतो. एलएलव्हीएमपाइपच्या पुढे कंसात ‘१२८ बिट्स’ असं लिहिलंय. तो आकडा म्हणजे सीपीयू एका वेळी केवढ्या रुंदीचं व्हेक्टर गणित करतोय ते. गेल्या दहा वर्षांतल्या बहुतेक सर्व्हर प्रोसेसरांवर एव्हीएक्स२ (२५६ बिट्सचं व्हेक्टर गणित करणाऱ्या सूचनांचा संच) असतं आणि तिथे हा आकडा २५६ यायला हवा. तुमच्याकडे १२८ येतोय याचं सर्वांत संभाव्य कारण असं की हायपरवायझरने मशीनला ‘केव्हीएम६४’सारखा सर्वसाधारण सीपीयू दाखवलाय. खालचा प्रोसेसर एव्हीएक्स२ जाणत असला तरी व्हर्च्युअल मशीनला ते कळतच नाही. प्रॉक सीपीयूइन्फो या फाइलमधल्या फ्लॅग्जच्या ओळीत एव्हीएक्स२ आहे का बघा. नसेल तर मशीनचा सीपीयू प्रकार ‘होस्ट’ करायला सांगा. जीपीयू नसलेल्या मशीनवरही एवढ्या एका बदलाने सॉफ्टवेअर रेंडरिंगचा वेग जाणवण्याइतका सुधारतो. पाठवण्याआधी चित्र दाबणाऱ्या लिबजेपेग-टर्बो या लायब्ररीलाही एव्हीएक्स२ वापरता येतं, त्यामुळे फायदा चित्र काढण्यात आणि दाबण्यात दोन्हीकडे होतो. याची किंमत म्हणजे वेगळ्या प्रोसेसरच्या होस्टवर मशीन चालू अवस्थेत हलवणं अवघड होतं, म्हणून सर्व्हर सांभाळणारे आधी नको म्हणतील. त्यांच्याकडे ‘स्लो आहे’ एवढंच घेऊन गेलात तर कोणी जागचं हलणार नाही. ‘मशीनला एव्हीएक्स२ दिसत नाही, सीपीयू प्रकार होस्ट करून द्या’ ही विनंती ते समजतात आणि करूनही देतात.

जीएलएक्सगिअर्सचं सांगायचं तर तो आकडा विसरा. त्याची खिडकी ३०० गुणिले ३०० ची असते, म्हणजे ९०,००० पिक्सेल. तुमचा डेस्कटॉप १९२० गुणिले १०८० चा, म्हणजे २०,७३,६०० पिक्सेल, तेवीस पट. तीन फिरती चाकं एवढ्या छोट्या जागेत सीपीयूसुद्धा सहज काढतो. त्यात व्हर्च्युअलजीएल मुळातच फ्रेम्स गाळतं. नेटवर्कला जेवढ्या पेलतील तेवढ्याच पाठवून बाकीच्या टाकून देतं, आणि हे योग्यच आहे, नाहीतर माउस हलवल्यावर चित्र मागून येत राहील. पण त्यामुळे प्रोग्रॅमने काढलेल्या फ्रेम्स आणि तुमच्या डोळ्यांना दिसलेल्या फ्रेम्स यांचा संबंध तुटतो. दिसणाऱ्या फ्रेम्स मोजायच्या असतील तर व्हर्च्युअलजीएलचंच टीसीबेंच तुमच्या बाजूच्या मशीनवर चालवा. ते पडद्यावरचा एक छोटा भाग बघत राहतं आणि तो किती वेळा बदलला ते मोजतं.

नेटवर्कबद्दल तुमचं म्हणणं मी उडवून लावत नाही. १९२० गुणिले १०८० चं एक चित्र, पिक्सेलला ४ बाइट धरले तर सुमारे ८३ लाख बाइट होतं. सेकंदाला अशी ३० चित्रं न दाबता पाठवायची तर जवळपास २ गिगाबिटची लाइन लागेल. कॉम्प्रेशनशिवाय गत्यंतरच नाही. व्हीएनसीऐवजी एसएसएचच्या जोडणीतून प्रोग्रॅमची खिडकी थेट आपल्याकडच्या एक्स सर्व्हरवर आणणाऱ्यांना (एक्स फॉरवर्ड) तर नेटवर्क वेगळ्याच तऱ्हेने छळतं. एक्सच्या १९८७ सालच्या प्रोटोकॉलमध्ये प्रश्न विचारून उत्तराची वाट बघण्याचे प्रसंग फार येतात. एका फेरीला ५० मिलिसेकंद धरले आणि एक खिडकी उघडायला २०० फेऱ्या लागल्या, तर दहा सेकंद गेलेच, लाइन कितीही रुंद असो. पण तुम्ही व्हीएनसी वापरताय, तिथे एक्स सर्व्हर प्रोग्रॅमच्या शेजारीच असतो आणि या फेऱ्या नेटवर्कवर येतच नाहीत.

आणि तुम्हीच लिहिलंय की क्वालिटी तळाला नेली, रंग कमी केले, तरी मॉडेल फिरवताना झटके येतातच. नेटवर्क अडवत असतं तर पाठवायचा डेटा इतका घटल्यावर वेग वाढायला हवा होता. तो वाढला नाही, म्हणजे अडथळा चित्र पाठवण्याच्या आधीच आहे. हे डोळ्यांनी बघायचं असेल तर मॉडेल फिरवत असताना मशीनवर टॉप (सीपीयू कोण किती वापरतंय ते दाखवणारी कमांड) थ्रेडसकट चालवा. ‘एलएलव्हीएमपाइप-०’, ‘एलएलव्हीएमपाइप-१’ अशा नावांचे थ्रेड शंभर टक्क्यांना टेकलेले असतील तर सीपीयू चित्र काढता काढता थकलाय. त्यांच्याऐवजी एक्सव्हीएनसी वर असेल तर वेळ चित्र दाबण्यात जातोय. दोन्ही शांत असूनही रखडत असेल, तर मग नेटवर्ककडे वळा, तेव्हा मी तुमच्या बाजूने आहे. वरच्या ओळीतला ‘एसटी’ हा आकडाही बघून घ्या. तो सतत दहा-पंधराच्या आसपास असेल तर तुमच्या वाट्याचा सीपीयू होस्टवरच्या इतर मशीन्सकडे जातोय, आणि ते तुमच्या बाजूने कुठल्याच सेटिंगने सुधारणार नाही.

शेवटी तुम्ही एक्सआरडीपीच्या (विंडोजच्या रिमोट डेस्कटॉप पद्धतीने लिनक्सला जोडणाऱ्या प्रोग्रॅमच्या) काळ्या स्क्रीनचा उल्लेख केलाय. त्याचा रेंडरिंगशी संबंध नाही. बहुतेक वेळा त्याच खात्याने कन्सोलवर डेस्कटॉप सेशन आधीच उघडलेलं असतं आणि दुसरं सेशन त्याच्याशी भांडतं. कन्सोलवरून लॉगआउट करून परत जोडून बघा.

आता एवढं करा. ईजीएलइन्फोची डिव्हाइस यादी, व्हीजीएलरनला त्यातलं खरं कार्ड देऊन घेतलेली जीएलएक्सइन्फोची रेंडरर ओळ, आणि मॉडेल फिरवताना घेतलेलं टॉपचं आउटपुट इथेच खाली टाका. रेंडररमध्ये जीपीयूचं नाव आलं आणि तरीही झटके राहिले, तर पुढची शंका चित्र जीपीयूतून परत वाचण्याच्या वेगावर घ्यावी लागेल. तिथे पासथ्रू, म्हणजे होस्टचा खरा जीपीयू व्हर्च्युअल मशीनला, कसा जोडलाय ते बघावं लागतं, म्हणून मशीनचा हायपरवायझर कोणता तेही सोबत लिहा.